मुलींना एमसीव्ही वाचायला कोण शिकवणार?
नर्सिंग महाविद्यालयाच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व संचालक

(महाविद्यालयाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांचं त्यांना कळेल. सांगली-साताऱ्यातल्या आणखी चार कॉलेजांना हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तरी माझी हरकत नाही.)

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, यंदा जेनेटिक्सच्या लेक्चरला यायची तसदी घेऊ नका. तो भाग सेल्फ स्टडीला दिलाय. नोट्सची झेरॉक्स वाटलीय." थॅलेसेमियाच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) डे-केअर वॉर्डची भेटही रद्द केल्याचं त्याच दमात सांगितलं. गाडीचा खर्च, शिवाय मुलांच्या हजेरीचा घोळ होतो म्हणे. फोनवरच्या मुलीचा काही दोष नाही, तिला जे सांगितलं ते तिनं सांगितलं. मी 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. पण मला काही ते बरं वाटेना.

आधीच स्पष्ट करते, हा मानधनाचा रुसवा नाही. विश्रामबागहून आपल्या कॉलेजपर्यंतचं रिक्षाभाडं आणि वाटेतला एक चहा, एवढंच त्यात भागत होतं. चौतीस वर्षं सरकारी नोकरीत सिस्टर म्हणून काढली, त्यातली निम्मी बाळंतपणाच्या वॉर्डात आणि गरोदर बायकांच्या ओपीडीत. निवृत्तीच्या आधीची काही आणि नंतरची दोन, अशी सहा वर्षं मी आपल्या मुलांना हा विषय शिकवला. मला जेनेटिक्स कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. आम्ही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालो तेव्हा मेंडेलचे वाटाणे आणि ४६ गुणसूत्रं यापलीकडे काही आठवत नाही. मला ते शिकवलं माझ्या भाचीनं, तीही जेमतेम आठ महिन्यांची असताना.

आम्ही पाच भावंडं. सगळ्यात धाकटी आत्याच्या घरात दिली. घरातली मुलगी घरात, देणंघेणं नाही, सासू म्हणजे आत्याच. सगळे खूश. तिला दिवस गेल्यावर ती माझ्याकडेच ओपीडीला यायची. तिचा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, कागद आजही माझ्याकडे आहे. हिमोग्लोबिन १०.२. लाल पेशी ५४ लाख. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, ६२. एमसीएच, म्हणजे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन, १९ च्या आत. मी त्यातला फक्त पहिला आकडा वाचला आणि म्हणाले, "रक्त कमी आहे गं, गोळ्या नीट घेत नाहीस तू." ती बिचारी शपथा घेत होती. मी तिला वर गूळ-शेंगदाणे सांगितले, खजूर सांगितला, आणि गोळी चुकवते म्हणून रागावलेसुद्धा.

आज दुसऱ्या वर्षाच्या मुलीसमोर तो कागद ठेवला आणि तिला एक भागाकार शिकवला, तर तिला अर्ध्या मिनिटात कळेल. एमसीव्ही भागिले लाल पेशींची संख्या. ५४ लाख म्हणजे ५.४ दशलक्ष, म्हणून ६२ भागिले ५.४, साडेअकराच्या आसपास. उत्तर १३ च्या वर आलं तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता जास्त, १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा वाहक (स्वतः धडधाकट, पण दोष पुढे देऊ शकणारा) आहे का ते बघा. याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात, १९७३ पासून माहीत आहे. हा काही निकाल नव्हे, नुसती शंका. खात्री एचपीएलसी तपासणीनं होते, ती हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजते, त्यात हिमोग्लोबिन ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं. लोह कमी असलेल्या शरीराला पेशी करायला मालच मिळत नाही, म्हणून पेशी लहान होतात आणि संख्येनंही घटतात. वाहकाच्या शरीरात माल असतो, साचा बारीक असतो. पेशी लहान, पण संख्या भरपूर. बहिणीच्या कागदावर ते स्वच्छ लिहिलेलं होतं. वाचणारी मी होते.

भाची झाली तेव्हा गुटगुटीत होती. थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे दोन्हीकडून दोष आलेली, बाळं तशीच असतात. पहिले काही महिने बाळ गर्भातल्या हिमोग्लोबिनवर चालतं, त्यात बीटा साखळी, म्हणजे हिमोग्लोबिनचा या आजारात बिघडणारा भाग, लागत नाही. ते ओसरायला लागलं की खरं रूप दिसतं. आठव्या महिन्यात ती दूध ओढेना, तळपाय मेणासारखे, पोट टम्म. हिमोग्लोबिन ४. डॉक्टरांनी आई-वडील दोघांचं रक्त मागितलं. दोघेही वाहक. मग माझं तपासलं, मीही वाहक. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला 'रक्त कमी' म्हणून गोळ्या दिल्या होत्या. माझ्या यजमानांत तो दोष नव्हता, म्हणून माझी पोरं वाचली. यात माझी हुशारी शून्य. आजी किंवा आजोबा, कुणातरी एकाकडून आलेली जनुकाची एक बिघडलेली प्रत माझ्या वडिलांत आणि आत्यात उतरली आणि पुढच्या पिढीत नवरा-बायकोच्या रूपानं समोरासमोर आली. आत्या मात्र दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्यात असलं कधी नव्हतं." अगं, तुझ्यात आणि आमच्यात फरक तो कुठला!

हे घरचं सगळं चव्हाट्यावर मांडायला बहिणीची परवानगी घेतली आहे. आता माझं म्हणणं एकेक करून.

पहिलं, तासांचं. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात बी.एस्सी.ला चौथ्या सेमिस्टरमध्ये जेनेटिक्स पॅथॉलॉजीच्या शेपटीला बांधलेलं आहे. आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे तास. त्यातही शेवटचा घटक आहे तो तपासण्या, समुपदेशन, कायदा आणि नर्सची भूमिका यांचा, म्हणजे तुमच्या मुली उद्या जे काम करणार ते. आणि वेळ संपला की नेमका तोच गळतो. परीक्षेत मार्क थोडे म्हणून तास थोडे, तास थोडे म्हणून नोट्स. नोट्स मी पाहिल्या. पानं अकरा. कॅरिओटाइपच्या (गुणसूत्रांच्या जोड्या लावून दाखवणाऱ्या) चित्राची झेरॉक्स इतकी काळी की गुणसूत्रं आणि शाईचे डाग यांत फरक कळत नाही. एकविसावी जोडी शोधा म्हटलं तर मलाही सापडली नाही.

दुसरं, भाषेचं. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. मुली इंग्रजीतली व्याख्या घडाघडा म्हणतात, ऑटोझोमल रिसेसिव्ह म्हणजे काय ते. मग मी म्हणते, समोर कवठेमहांकाळची बाई बसलीय, तिला सांग. वर्ग गप्प. एकीनं धीर करून सांगितलं, "मावशी, तुम्ही वाहक आहात." मी त्या बाईच्या भूमिकेत होते, विचारलं, "म्हणजे एसटीतला?" हसू नका. आपल्याकडे चालक आणि वाहक हे दोन शब्द लोकांनी एसटीच्या दारावरच वाचलेले आहेत. पण खरं म्हणजे ती उपमा वाईट नाही. कंडक्टर गाडी चालवत नाही, तिकीट मात्र पुढे देतो. वाहकाला स्वतःला आजार नाही, औषध नको, तो शेतात राबतो, पोरं सांभाळतो. तो फक्त पुढच्या पिढीला तिकीट देऊ शकतो. दोन्हीकडून बिघडलेलं तिकीट आलं तरच बाळ आजारी. हे मी त्या दिवशी वर्गात बोलता बोलता सुचून सांगितलं आणि पुढच्या बॅचेसनी तेच उचललं. असे शब्द नोट्समधून येत नाहीत, बोलून येतात.

तिसरं, चारपैकी एकचं. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०, पूर्ण मोकळं असण्याची २५. हे सगळ्यांना पाठ असतं. पण बहिणीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ड्यूटीवरच्या एका सिस्टरनंच तिला धीर दिला होता, "चारातलं एक झालं ना, आता पुढची तीन चांगली." प्रेमानं दिला होता. म्हणून मी वर्गात प्रत्येक जोडीला रुपयाची दोन नाणी उडवायला लावायचे. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे बिघडलेली. एका वर्षी एका जोडीचं सलग तीनदा काटा-काटा पडलं. आधी सगळे हसले, मग हसणं आपोआप थांबलं. नाण्याला मागचं आठवत नाही, गर्भालाही नाही. बहिणीनं तो धीर बाजूला ठेवला आणि मुंबईला जाऊन वेळेत गर्भाची तपासणी करून घेतली. भाचा वाहक आहे, क्रिकेट खेळतो.

चौथं, कायद्याचं. २०१७ च्या मार्चमध्ये आपल्या मिरज तालुक्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. ते प्रकरण इथल्या प्रत्येक सिस्टरच्या डोक्यात आहे आणि असावंच. साताऱ्यात तर वर्षा देशपांडे यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध उभं आयुष्य घातलं. पण या धास्तीचा एक उलटा परिणाम मी वॉर्डात पाहिलाय. गर्भजल हा शब्द निघाला की सिस्टर तोंड मिटते. 'आम्ही त्यातलं काही बोलत नाही.' १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदाच गुणसूत्रांतले दोष, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार, लिंगाशी निगडित आनुवंशिक आजार यांसाठी नोंदणीकृत केंद्रात, लेखी संमती घेऊन गर्भाची तपासणी करायला परवानगी देतो. मनाई आहे ती लिंगासाठी तपासण्याला आणि ते सांगण्याला. हा फरक नर्सला ठाऊक नसेल तर वाहक जोडप्याला योग्य दारापर्यंत कोण नेणार?

त्यात घड्याळ चालू असतं. वारेच्या पेशींची तपासणी साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात, गर्भजलाची पंधराव्या-सोळाव्यानंतर. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मर्यादा ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत आहे, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. म्हणजे बाई पहिल्यांदा नाव नोंदवायला येते, त्याच आठवड्यात तिचा कागद वाचला गेला पाहिजे आणि ती वाहक निघाली तर लगेच नवऱ्याचं रक्त. आता नवरा कुठे? विटा-आटपाडीकडच्या कित्येक घरांतले पुरुष गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात, कुणी कोईमतूर, कुणी कोलकाता. "यात्रेला येतील तेव्हा तपासू की," सासू म्हणते. यात्रा चैत्रात. तोवर पाचवा महिना सरतो. एकदा एका सिस्टरनं नवऱ्याला फोन लावून तिथल्याच लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं आणि रिपोर्ट व्हॉट्सअपवर मागवला. रिपोर्ट नॉर्मल आला, विषय तिथेच मिटला. हे कुठल्या पुस्तकात नाही. हे शिकवायचं असतं.

पाचवं, दोष कुणाचा याचं. हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याचा आजार) मुलाची आई कोपऱ्यात रडत असते, कारण 'तुझ्याकडून आलं'. आलंही असेल, एक्स गुणसूत्रावरून येतं, आणि आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला पन्नास टक्के धोका. पण पुष्कळदा घराण्यात आधी कुणालाच नसतं, बदल नव्यानं घडलेला असतो. डाऊन सिंड्रोमचं तसंच. एकविसावं गुणसूत्र एक जादा, फ्रेंच शास्त्रज्ञ लेज्यून यांनी १९५९ मध्येच दाखवलं. बहुतेक वेळा ती पेशी विभागतानाची चूक असते, आईच्या वयाबरोबर तिची शक्यता वाढते, ग्रहणात भाजी चिरल्यानं नाही. थोड्या मुलांत मात्र गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो आणि तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. म्हणून बाळाचा चेहरा पाहून निदान झालं तरी कॅरिओटाइप करायचा, पुढच्या बाळासाठी. घरचे हे सगळं डॉक्टरांना विचारत नाहीत. डॉक्टर गेले की सलाइनची बाटली बदलणाऱ्या सिस्टरला विचारतात, तेही हळू आवाजात.

नात्यातल्या लग्नाबद्दलही दोन शब्द, कारण तिथे मुली दोन्ही टोकांना जातात. 'मामाच्या पोरीशी लग्न म्हणजे पोरं वेडी होणार' हेही खोटं आणि 'पिढ्यान्‌पिढ्या करतोय, काय झालं' हेही अर्धवट. सख्ख्या आतेमामेभावंडांत आठव्या हिश्श्याएवढी जनुकं सारखी असतात, मामा-भाचीत चौथ्या हिश्श्याएवढी. लपलेला दोष समोरासमोर यायची शक्यता त्यामुळे वाढते. लग्न दोष तयार करत नाही. एकदा वंशवृक्ष काढायला शिकवत होते. चौकोन पुरुष, गोल बाई, नात्यात लग्न असेल तर मध्ये दुहेरी रेघ. जतकडची एक मुलगी खडू घेऊन फळ्यासमोर थांबली. "मॅडम, माझे आई-वडील मामा-भाची आहेत. काढू का?" तिच्या आवाजात लाज होती आणि ती मी आणली होती. मी तिच्या हातातून खडू घेतला आणि आधी माझं घर काढलं, आत्यासकट. तेव्हापासून मी कुठल्याही विद्यार्थ्याला स्वतःच्या घराचा वृक्ष काढायला सांगत नाही.

सहावं, डे-केअरची भेट. आपण गाडीचा खर्च वाचवलात. तिथे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यायला येणारी मुलं असतात. शाळेची पुस्तकं उशाशी, एका हातात सुई, दुसऱ्या हातानं मोबाइल. सात वर्षांचा एक पठ्ठ्या प्रत्येक नवीन सिस्टरला सांगतो, "या हाताची शीर पळते, त्या हाताला लावा." रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि जादा लोह बाहेर टाकायची वाटच शरीराकडे नसते. ते हृदयात, यकृतात साचतं. म्हणून लोह उतरवणारी गोळी रोज, पाण्यात विरघळवून. तिची चव मुलांना आवडत नाही आणि ती मोरीत ओतली जाते. आयांना माहीत असतं, डॉक्टरांना फेरिटिन (साठलेल्या लोहाचं माप) वाढल्यावर कळतं. मागच्या वर्षी आपल्याच एका विद्यार्थिनीनं एका मुलाला तो ग्लास तोंडाला लावून संपवायला लावला, स्वतः शेजारी बसून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. (मुली मुली म्हणतेय, वर्गात मुलगेही असतात आणि चांगले असतात. सवयीचा दोष.)

आता मागण्या. फार नाहीत.

जेनेटिक्सचे तास वेळापत्रकात परत घाला, पूर्ण, आणि शिकवायला अशी व्यक्ती द्या जिने पेशंट हाताळलेत. ती मीच असावी असं नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याच्या जर्नलला नाव खोडलेले दहा सीबीसी आणि तीन पिढ्यांचे दोन वंशवृक्ष असू द्या, आणि व्हायवाला त्यावर विचारा. लोहाची लाल गोळी बंद करा असं मी कधीच म्हणत नाही. गरोदर बाईला ती द्यायचीच, वाहक बाईतही लोह कमी असू शकतं. पण महिनाभर गोळी घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर बाईला खोटं ठरवण्याआधी कागद पुन्हा वाचायचा, फेरिटिन बघायचं, डॉक्टरांना दाखवायचं. एवढी एक सवय.

डे-केअरला पाच-पाच जणांचे गट दिवसभर पाठवा, कुटुंबांची परवानगी घेऊन. पन्नास जणांची सहल नको, ती मुलं म्हणजे प्रदर्शन नाही. पाच जणांना गाडी लागत नाही, सिटी बस जाते.

समुपदेशनाचं एक पान मराठीत तयार करून घ्या, जतच्या बाजूसाठी कन्नडमध्येही. विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या, उत्तम करतील. त्यात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल हे तिन्ही आहेत, हेही येऊ द्या. प्रमाणपत्र मिळतं हे कितीतरी घरांना माहीत नसतं.

आणि शेवटची, खर्चाची. ज्या विद्यार्थ्यांची इच्छा असेल त्यांची एचपीएलसी तपासणी कॉलेजनं करून द्यावी, रिपोर्ट बंद पाकिटात फक्त त्यांच्याच हातात. कावीळ बी-ची लस आपण देताच. रिपोर्ट ऑफिसच्या फाइलला लागता कामा नये. लग्नाच्या वयाच्या मुली आहेत, गावात बातमी कशी पसरते हे आपल्याला मी सांगायला नको.

माझ्याकडे एक निळी फाइल आहे. सहा वर्षांत जमवलेले, नावं खोडलेले सीबीसी, एचपीएलसीचे रिपोर्ट, फळ्यावरच्या वंशवृक्षांचे फोटो. सगळ्यात वर बहिणीचा तो कागद, तिची परवानगी आहे. सोमवारी ती मी आपल्या ऑफिसात आणून देते, पोच तेवढी द्यावी. तास लावलेत तर मीही येईन, मानधन नको. फक्त दर तिसऱ्या मंगळवारी बोलावू नका. त्या दिवशी भाचीबरोबर जावं लागतं. ती आता बी.कॉम.ला आहे, एकटी जाऊ शकते, पण म्हणते, मावशी, तू असलीस की पहिल्या टोचणीत शीर सापडते.

कळावे,
एक निवृत्त परिचारिका
विश्रामबाग, सांगली